व्हॉल्वाखालचा बोकड

थांबा, आधी ती सुरी खाली ठेवा, मग बोलू. हो, मी बोकडच बोलतोय. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, उजव्या शिंगाचं टोक गेलेलं. ते टोक कुठं गेलं विचारू नका, तो आमचा घरगुती विषय आहे.

तुम्ही माणसं माझ्याबद्दल पुष्कळ बोलता, पण सगळं पातेल्याच्या बाजूनं. आज जरा माझ्या बाजूनं ऐका. मला निवडणुकीबद्दल बोलायचंय. हसा, हसा! निवडणुकीचा जेवढा अनुभव आम्हा बोकडांना आहे, तेवढा तुमच्यातल्या भल्याभल्यांना नसेल. निवडणूक आली की पुढारी तुम्हाला हात जोडतात आणि आमच्या पाठीवरून हात फिरवतात, किती भरेल ते बघायला. प्रचार कुणाचाही असो, रस्सा आमचाच असतो.

माझा जन्म रोह्याकडच्या खांब गावाच्या अलीकडचा. हायवे सोडून डोंगराकडं वळलं की आधी गाव लागतं, गावाच्या वर चढणीला आमची कातकऱ्यांची वाडी. कुडाची घरं, कुणाच्या छपरावर पत्रा, कुणाच्या निळं प्लास्टिक. गावात देऊळ आहे, घरोघरी नळ आहेत, ग्रामपंचायतीची गुलाबी रंगाची इमारत आहे. वाडीसुद्धा त्याच ग्रामपंचायतीत येते. म्हणजे मतदानाला येते. बाकी कशात फारशी येत नाही.

माझी मालकीण ठमी. काळीसावळी, काटक, आणि आवाज असा की तिनं लेकीला हाक मारली तर खाली गावातली गुरं मान वर करायची. नवरा वाळू. फार भला माणूस. उघड्या हातानं साप धरेल, पण पांढरे कपडे घातलेला माणूस समोर आला की हा रस्ता सोडून कडेला उभा राहतो. आणि लेक पूजा, दहावीत शिकणारी. वाडीतली दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच पोर. तिला पाठांतर करायचं असलं की ती माझ्यासमोर बसून करायची, त्यामुळं नागरिकांची मूलभूत कर्तव्यं मला बऱ्यापैकी येतात. हक्कांचा धडा चालू होता तेव्हा नेमका मी पाला खात होतो.

आता आमच्या व्हॉल्वाविषयी सांगतो, कारण माझी सगळी कहाणी त्याच्याखालीच घडली.

गावाच्या पाण्याची मोठी लोखंडी पाइपलाइन वरच्या बंधाऱ्यावरून येते, आमच्या वाडीच्या मधोमध जाते आणि खाली गावात उतरते. वाडीला नळ नाही. वाडीला पाइप आहे. पाणी आमच्या दारावरून खळाळत जातं, आवाज ऐकायला कुणाची बंदी नाही. त्या पाइपावर एक जुना व्हॉल्व, तो गळका. रात्रंदिवस त्यातून झिरप चालू, आणि वरून पाणी सोडलं की फर्रकन फवारा उडायचा. त्या फवाऱ्यावर सगळी वाडी जगायची. बायका, पोरी हंडे लावून बसायच्या. पाणी कधी सोडतील त्याचा काही नेम नाही. ठमी मजुरीला गेली की पूजा शाळा बुडवून हंड्यापाशी बसायची. शाळेच्या बाई विचारायच्या, "पूजा, काल का आली नाहीस?" ती सांगायची, "पोटात दुखत होतं." एवढं पोट दुखणारी पोर बाईंनी जन्मात पाहिली नसेल.

त्या गळतीखाली मात्र भर एप्रिलात हिरवंगार गवत उगवायचं. सगळा डोंगर करपलेला आणि तेवढाच एक तुकडा ओला. ठमीनं मला लहानपणापासून तिथंच खुंटीला बांधलं. डोक्यावर थेंब, पाठीवर फवारा, तोंडात गवत. शेळ्यांच्या जातीला पाण्याचा किती तिटकारा, तुम्हाला ठाऊक असेल. माझी आई एक थेंब पडला तरी ओटीवर उडी मारायची. मला काही वाटेनासंच झालं. बोकडाची पाठ की ओहोळातला दगड, काही फरक नाही.

मग सरपंचपदाची निवडणूक लागली, आणि पद निघालं आदिवासी महिलेसाठी राखीव.

गावात धनेश नावाचे एक शेठ आहेत. डंपर, खडी, रेती, सगळा धंदा. आधी ते स्वतः सरपंच होते, मग पद महिलांना गेलं तेव्हा त्यांची बायको सरपंच झाली आणि सही सोडून सगळं शेठनीच केलं. आता बायको चालेना. आदिवासी बाई हवी. शेठनी घरात नजर फिरवली तर समोरच भांडी घासत बसलेली अनिता दिसली, आमच्याच वाडीतली. झालं, उमेदवार ठरला! अनिताला ही बातमी तिसऱ्या दिवशी कळली, तीही भांडी घासतानाच.

"निवडणूक बिनविरोध करायची," शेठनी गावात फिरवलं. "उगाच भांडणं नकोत. गावाची एकी दिसली पायजे." ह्या एकीची मला नेहमी गंमत वाटते. चार माणसं चहा पिऊन ठरवतात आणि बाकीच्यांनी तोंड मिटलं की त्याला एकी म्हणतात.

ठमीनं तोंड मिटलं नाही. ती रोह्याला गेली आणि सरपंचपदाचा अर्ज भरून आली. येताना पूजाला वडापाव आणि मला केळ्याची सालं आणली. वाळूला कळलं तेव्हा तो चुलीपुढं मटकन बसला.

"अगो, तुला येड लागलाय काय? शेठ आपल्याला कामावर घेल काय आता?"

"नको घेऊं दे."

"मंग खायचा काय?"

"आता काय शिकरन खातो काय?" ठमी म्हणाली. "मला नळ पायजे. पोर शाला सोडून हंडा राखत बसते. दुसरा कोन आननार नळ? मीच आनते."

दुसऱ्या दिवशी धनेश शेठ स्वतः वाडीवर आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पायात पांढरे बूट. व्हॉल्वाखालच्या चिखलात ते बूट आले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं.

"ठमे, अर्ज मागं घे," शेठ म्हणाले.

"का म्हून?"

"गावाचं ठरलंय. अनिता होईल सरपंच. आणि तू नाही ऐकलंस तर..." शेठनी बोट माझ्या डोक्यावरच्या व्हॉल्वाकडं केलं. "तर हा व्हॉल्व दुरुस्त करून टाकीन!"

ऐकलंत? दुरुस्तीची धमकी! जगात लोक मोडण्याची, तोडण्याची, फोडण्याची धमकी देतात. आमच्या ग्रामपंचायतीत दुरुस्तीची देतात. आणि ती खरी धमकी होती हो. बायकांचे चेहरे उतरले. कारण गळती बंद म्हणजे पाणी बंद.

"कर दुरुस्त," ठमी म्हणाली. "पन संगं नळ दे."

"नळाचं निवडणूक झाल्यावर बघू."

"ते तू मागच्या टायमाला पन बोलला. म्हून आता मीच बघते."

शेठ गेले. मी त्यांच्या मागं एकदा खणखणीत ओरडलो, पण त्याची नोंद कुणी घेतली नाही.

धाक चालला नाही, म्हणून शेठनी देव काढला. आमच्या गावात जुनी रीत आहे. काही मोठं ठरवायचं असलं की गावकी देवळात जमते. गुरव गावदेवीला गाऱ्हाणं घालतो, समोर बोकड उभा करतात आणि त्याच्या पाठीवर पाणी सोडतात. बोकडानं अंग झाडलं की देवीचा होकार. मग गुलाल, ढोल, आणि बोकड थेट पातेल्यात. म्हणजे बघा, होकार आमच्याकडून घेतात आणि मान्य केल्याबद्दल आम्हालाच कापतात. अशी लोकशाही आमच्यात फार जुनी आहे.

निरोप आला: उद्या सकाळी देवळात कौल. बोकड हलला तर बिनविरोध ही देवीची इच्छा, ठमीनं अर्ज मागं घ्यायचा. अर्ज मागं घ्यायला एकच दिवस उरला होता. आणि शेठनी वर आणखी एक टोमणा मारला, "बोकड पण तिचाच आणा. गावाचा खर्च कशाला?"

वाळू मुकाट्यानं हो म्हणून आला. ठमीचं तोंड तेव्हा पहिल्यांदा मिटलेलं पाहिलं. ती पाइपाला, पंचायतीला, शेठला भीत नव्हती, पण देवीला भीत होती. लहानपणी पूजाला ताप आला तेव्हा ती देवीपुढंच रात्रभर बसली होती. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसली आणि माझी कानशिलं चोळत राहिली. "देवी नको बोलली तं मी काय करनार रे?" म्हणाली, आणि रडली. मला गळ्यात गळा घालून रडता येत नाही, म्हणून मी तिच्या पदराचं टोक चघळलं. तिनं ओढून घेतलं नाही, तेव्हाच मी समजलो की हिला खरंच फार दुःख झालंय.

सकाळी देवळात सगळा गाव. पुरुष पुढं, बायका मागं, वाडीची माणसं त्याच्याही मागं चपलांपाशी. मला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. माळ चवीला कडवट होती. गुरव जनूकाका, साठीचा भाबडा माणूस, त्यानं गाऱ्हाणं घातलं, "बाय गो माझे आवशी, गावाची एकी कर, बिनविरोध तुझ्या मनात असंल तं बोकडाला हलव," आणि तांब्यातलं पाणी माझ्या पाठीवर सोडलं.

मी उभा.

खरं सांगतो, मला त्या रीतीची काहीएक कल्पना नव्हती. मला वाटलं, आपली माणसं प्रेमळ आहेत, घरची आठवण येऊ नये म्हणून पाणी घालतायत. मी माळेतलं दुसरं फूल खाल्लं.

"अजून सोड," शेठ म्हणाले. जनूकाकानं आख्खा तांब्या ओतला. मी उभा. कानात पाणी सोडलं. ते तर व्हॉल्व रोजच सोडायचा. एकानं ओलं फूल कानात घातलं, दुसऱ्यानं शेपटीवर फुंकर मारली. तिसरा जाऊन दुकानातल्या फ्रिजमधला बर्फ घेऊन आला. बर्फ मला आवडला, तो मी चाटला. शेवटी विहिरीवरून भरून आणलेली बादली माझ्यावर उपडी केली. मी डोळे मिटून घेतले. फार बरं वाटत होतं. रवंथ चालू होतं.

माणसं देवीकडं बघायला लागली. मग मागून एका बाईचा आवाज आला, "देवी नको म्हनते!" आणि कुजबूज सुरू झाली. वाळू थरथर कापत होता. पाणी माझ्यावर पडलं, हलला तो. त्याचं हलणं मोजलं असतं तर होकार झाला असता.

धनेश शेठ लालबुंद झाले आणि तिथंच त्यांची जीभ घसरली. "नको-बिको काही नाही! हा व्हॉल्वाखाली वाढलेला बोकड आहे! चोवीस तास पाण्यात असतो! ह्याला पाण्याचं काय? दुसरा बोकड आणा!"

ठमी चपलांपाशी उभी होती. तिथून तिचा आवाज आला. त्या आवाजाला चपलांपाशी उभं करून काही उपयोग नसतो.

"जनूकाका, एक इचारू? ह्यो पान्याला सरावलाय म्हून हलला नाय. व्हय ना?"

"तसाच दिसतो गो," जनूकाका म्हणाला.

"मंग आजपरत जे बोकड हलले, ते देवीमुळं हलले का थंड पान्यामुळं?"

जनूकाकानं हातातल्या रिकाम्या तांब्यात बघितलं. इतक्या वर्षांत किती बोकड हलले असतील, किती बांध, किती वाटण्या, किती भांडणं त्यांच्या थरथरण्यावर मिटवली असतील. ज्यांच्या वाट्याला कमी आलं ते देवीची इच्छा म्हणून गप्प बसले होते. त्यातले काही तिथंच उभे होते. ते आता देवीकडं बघत नव्हते, शेठकडं बघत होते.

मग सीताबाई पुढं आल्या. ह्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. माहेर पेणच्या खाडीकडचं, मिठागरावर बापाच्या हाताखाली राबून मोठ्या झालेल्या. त्यांना अडवायची गावात कुणाची टाप नाही.

"धनेश, ते बोकडाचं ऱ्हाऊं दे," त्या म्हणाल्या. "तू ग्रामसभेत बोललास, वाडीला पानी पोचलंय. आम्ही हात वर केले. आनि आता बोलतोस गळक्या व्हॉल्वाखाली बोकड वाढतो. म्हंजे ह्यांना पानी नाय?"

"काकी, पोचलंय ना. पाइप तिथूनच..."

"पाइप काय पितात? मतदान होऊं दे. देवीला काय सांगायचा असंल तं ती आपल्या पायांनी येल. बोकडाच्या पाठीवर बसून कशाला येल?"

गावात सगळ्यात आधी हसल्या त्या बायका. मग जनूकाका हसला. शेठ देवळातून निघून गेले, आणि घाईत चपलांच्या ढिगाऱ्यातून वाळूची एक चप्पल आणि स्वतःचा एक पांढरा बूट घालून गेले. वाळूनं दुसरा बूट प्रामाणिकपणे पोचता केला.

तुमच्या मशीनवर म्हणे एक बटण असतं, ह्यातलं कुणीच नको असं सांगायचं. आमच्या जातीत तसं बटण नव्हतं. मी नकळत शोधून काढलं. आणि एक फायदा झाला. देवीनं नाकारलेला बोकड कापायला कुणी धजेना. गावातला खाटीक मला बघून रस्ता बदलायला लागला.

पण वाळू घाबरला होता. देवीचा राग घरावर नको म्हणून तो वीटभट्टीवर जाताना मला बरोबर घेऊन गेला. भट्टी पेणकडच्या गडब गावाजवळ, भातशेतीच्या कडेला. वाडीतली निम्मी माणसं दिवाळीनंतर तिथंच जातात. भट्टीवर पाणी चिखलाला लागायचं, बोकडाला नाही. धूळ, राख आणि कोरडी हवा. माझ्या पाठीवर जन्मात पहिल्यांदा केस उभे राहिले. एकदा विटांच्या टेम्पोतून पेणला जाणं झालं. तिथं एका कारखान्याबाहेर गणपती रांगेत मांडलेले, पांढरेफटक, रंग नसलेले, डोळ्यांची आखणी व्हायची बाकी. वाळू माझ्या कानात म्हणाला, "बघ, हे बिनविरोध. अजून डोळं उघडलं नाय." भित्रा माणूस, पण बोकडापाशी फार छान बोलायचा.

मतदानाच्या दिवशी धनेश शेठनी भट्टीवर टेम्पो पाठवला. वाडीची मतं आणायला. टेम्पोला अनिताचे फोटो लावलेले, आत वाडीची माणसं दाटीवाटीनं उभी आणि त्यांच्या पायांत मी. चहा शेठचा, डिझेल शेठचं. नागोठण्यापर्यंत सगळे अनिताच्या नावानं घोषणा देत होते, कारण ड्रायव्हर ऐकत होता. त्यापुढं ड्रायव्हर डुलक्या घ्यायला लागला आणि सगळे ठमीच्या चिन्हाबद्दल बोलायला लागले. तिला चिन्ह मिळालं होतं बादली. माझ्यावर आख्खी बादली ओतल्यावर हे बरोबरच होतं.

वाडीत उतरलो आणि मी माझ्या जागेकडं धावलो. जागा कोरडी. गवत पिवळं. व्हॉल्व नवा कोरा, चकचकीत, थेंब म्हणून गळत नव्हता. शेठनी बोलल्याप्रमाणं दुरुस्ती केली होती. निवडणुकीतलं पाळलेलं वचन मी तेवढं एकच पाहिलं.

मी भट्टीवर असताना काय झालं ते पूजानं मला सांगितलं. वाडीच्या बायका हंडे घेऊन खाली गावात गेल्या आणि गावातल्या नळांवर रांगेत उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी भांडणं झाली. दुसऱ्या दिवशी सीताबाईंनी आपल्या अंगणातला नळ उघडून दिला. तिसऱ्या दिवशी गावातल्या बायका विचारायला लागल्या, तुमच्या दारावरून आमचं पाणी येतं आणि तुम्हाला नाही, हे कसं गो? हा प्रश्न इतकी वर्षं त्या पाइपातून वाहत होता. पण गावात कुणाला ऐकू येत नव्हता.

ठमी मतदानाला निघाली तेव्हा तिनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. परत आली ती बोटावरची शाई बघत. मला दाखवली. मी हुंगली. फारशी चांगली नव्हती. "हे बघ," म्हणाली, "शेठच्या बोटाला लावली तेवढीच माझ्या बोटाला लावली. जास्त नाय, कमी नाय." आणि तिचे डोळे भरून आले. त्या दिवशी मला माणसांचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू! तुमच्या कार्डावर फोटो असतो, पत्ता असतो. पत्त्यावर पाणी नसलं तरी एक दिवस असा येतो की तुम्ही पडद्यामागं एकटेच असता आणि तुमच्या पाठीवर तांब्या ओतायला तिथं कुणी नसतं. असला दिवस आमच्यात येत नाही. आणि तुमच्यातले कित्येक त्या दिवशी अलिबागला फिरायला जातात!

रोह्याला मोजणी झाली. ठमी निवडून आली, थोडक्यात आली, पण आली. सगळी वाडी गुलालानं माखून परतली. सगळ्यात मागून अनिता आली, पडलेली उमेदवार, आणि ठमीच्या गळ्यात पडून म्हणाली, "मी पन तुलाच दिला गो माझा मत. माझ्या घरी बी हंडाच हाय." दुसऱ्या दिवसापासून ती शेठची भांडी घासायला गेली नाही.

जिंकल्यावर सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्याच. जल्लोष म्हटला की तुम्हाला भूक लागते. ठमी दारात आडवी उभी राहिली. "देवीनं नाकारलेला हाय ह्यो. खायचा असंल तं खा आनि देवीला जाब द्या." सगळ्यांनी वडे तळले.

नळ काही लगेच आला नाही. ठमी रोह्याला खेटे घालत राहिली. साहेब आज नाहीत, उद्या या, परवा मिटींग आहे. शेठच्या बाजूचे पंच ग्रामपंचायतीत प्रत्येक गोष्टीला आडवे. पूजाची परीक्षा झाली, ती पास झाली, पावसाळा गेला, तरी नळ नाही. ठमी वैतागून म्हणायची, "ह्या खुर्चीपेक्षा मजुरी बरी." पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन निघायची. शेवटी परवा नळ आला. वाडीच्या मधोमध, त्याच पाइपाला जोड मारून. इतकी वर्षं वीतभर अंतर होतं.

उद्घाटनाला नारळ फोडायला कोण आलं असेल? बरोबर ओळखलंत. धनेश शेठ. पांढरे बूट. त्यांनी भाषणही केलं, की वाडीला पाणी देण्याचं त्यांचं फार जुनं स्वप्न होतं. ठमीनं त्यांना बोलू दिलं. मग शेठनी तोटी सोडली, धो धो पाणी आलं, बायका ओरडल्या, पूजानं हंडा लावला. तो भरायची वाट बघत तिला बसून राहायला लागलं नाही.

आणि शेठची नजर माझ्याकडं गेली. आठवडाभरावर गावदेवीची जत्रा आहे.

"काय रे," शेठ हसत म्हणाले, "अजून हलत नाहीस काय? बघू." त्यांनी ओंजळ भरली आणि माझ्या पाठीवर टाकली.

आता मला खरं सांगावं लागेल. व्हॉल्व दुरुस्त झाल्यापासून मी कोरडा आहे, पावसाळासुद्धा ठमीनं मला ओटीवरच बांधलं. माझी पाठ आता चारचौघा बोकडांसारखी आहे. ते पाणी पडलं आणि मानेपासून शेपटीपर्यंत असा शहारा आला की आईशपथ! प्रत्येक केस म्हणत होता, झाड, झाड अंग. सगळी वाडी बघत होती. जनूकाका बघत होता. माझी एक थरथर आणि देवीचा होकार, जत्रा, पातेलं. मी चारही पाय मातीत रोवले. दात आवळले. शेठच्या डोळ्यांत बघत राहिलो. थेंब पाठीवरून पोटाखाली ओघळला, टपकन पडला. मी हललो नाही.

"बधिर आहे," शेठ म्हणाले आणि निघून गेले.

ते वळणापलीकडं दिसेनासे झाले तेव्हा मी घरामागं गेलो आणि असं अंग झाडलं की गळ्यातली घंटा तुटून चुलीपाशी पडली. वर बघतो तर ठमी दारात. तिनं सगळं पाहिलं होतं. आधी डोळे मोठे केले. मग तोंडाला पदर लावून इतकी हसली, इतकी हसली, की सरपंचबाई जमिनीवरच बसल्या. मग त्याच पदरानं तिनं माझी पाठ खसाखसा पुसली, दोन्ही कान पुसले, आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "गप ऱ्हा रे माझ्या राजा. कुनाला सांगू नको."

मी कुणाला सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला सांगतोय. शहारा येणं कुणाच्या हातात नसतं हो, तुमच्याही नाही. पण समोरचा आपला होकार काढायला पाणी ओततोय एवढं कळलं की पाय रोवता येतात. मला जमलं, मी तर बोकड आहे. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या पाठीवर कुणी तांब्या धरला तर माझी आठवण काढा. आणि कृपा करून जत्रा होईपर्यंत वाडीवर येऊ नका. आलातच, तर पाण्याच्या बाटलीला झाकण घट्ट लावून या.